सावळीच्या पुढचा ‘पण’

पंढरीचा विठोबा काळा, गोकुळीचा कृष्णही काळा. आणि जिच्या रूपाच्या कीर्तीने देशोदेशीचे राजे द्रुपदाच्या दारी जमले, त्या द्रौपदीचे महाभारतातले एक नावच मुळी ‘कृष्णा’! सावळ्या रूपाचे कौतुक आमच्या वाङ्मयाला परके नव्हते. मग सून पाहताना ही दृष्टी जाते कुठे?

नुसते इंग्रजांकडे बोट दाखवून भागणार नाही. उन्हात राबणाऱ्याचे अंग रापते, सावलीत बसणाऱ्याचे उजळ राहते; त्यामुळे गोरेपण ही आधीच सुस्थितीची आणि उच्च जातीची खूण ठरली होती. गोऱ्या राज्यकर्त्याने त्या समजुतीवर सरकारी शिक्का मारला, इतकेच. १९७५ साली बाजाराने ‘फेअर अँड लव्हली’ नळीत भरून आणली. २०२० साली नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. माझ्या वर्गातल्या मुलींच्या मनातून मात्र तो गेलेला नाही.

माझी खरी तक्रार आम्हा लेखकांविषयी आहे. आमची नायिका ‘सावळी, पण नाकीडोळी नीटस’ असते. सारा अपमान त्या ‘पण’मध्ये आहे! टोनी मॉरिसन या अमेरिकन लेखिकेने ‘द ब्लूएस्ट आय’ (१९७०) या कादंबरीत निळ्या डोळ्यांचा ध्यास घेऊन अखेर वेडी होणारी काळी पोर रंगवली. तिथे दोष मुलीच्या रूपात नाही, पाहणाऱ्यांच्या नजरेत आहे.

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी मुली पाहणे सुरू होईल. वाचकहो, तेवढा एक ‘पण’ गाळून बोलून पाहा.