सोळा हजार लाइन्स, आठ म्युटंट आणि अरुंद पानांचा घोळ

पळस्पे फाट्यावर रस्ता फुटतो, एक पुण्याकडे आणि एक गोव्याकडे. त्या पट्ट्यात आता प्लॉटच्या पाट्या जास्त आणि खाचरं कमी, तरी पावसाळ्यात भात दिसतोच. एक भाताचं पान घ्या, आणि रायगडच्या वरकस जमिनीवरून मिळालं तर एक नाचणीचं. दोन्ही उजेडापुढे धरून भिंगातून बघा. नाचणीच्या शिरा दाटीने बसलेल्या दिसतील, भाताच्या त्यामानाने सुट्या. नाचणी, ज्वारी, मका ही सी-4 पिकं, भात सी-3. सी-4 पानात प्रत्येक शिरेभोवती आवरणपेशींचा एक हार असतो आणि त्याच्या बाहेर मेसोफिल पेशींचा दुसरा. मेसोफिलने कार्बन पकडायचा, आवरणपेशीने त्याची साखर करायची. हा माल सतत इकडून तिकडे जायचा, म्हणून शेजार जवळचा हवा आणि म्हणून शिरा दाट हव्यात. या रचनेला क्रान्झ म्हणतात.

भातात ही रचना आणता येईल का, या प्रश्नावरचा एक पेपर सिनॉप्सिस लिहिणारी मुलं हमखास पुढे करतात. फेल्डमन आणि सहकाऱ्यांचा, 2014 चा, 'प्लॉस वन'मधला. मीही केला होता. आज त्याच्याबद्दल थोडं कडक बोलायचं आहे, पण आधी कौतुक.

त्यांनी भाताचे दोन म्युटंट साठे चाळले: आयआर 64 या वाणाच्या 12,470 लाइन्स, ज्यांच्या डीएनएचे तुकडे गळालेले आहेत, आणि तैनुंग 67 च्या 3,830 लाइन्स, ज्यांत बाहेरचा तुकडा घुसवलेला आहे. सगळ्यांची शिरांची घनता मोजली, तीही हातात धरायच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाने, आणि ती मोजणी नीट मायक्रोस्कोपीने पडताळली. मिळाल्या आठ लाइन्स. म्हणजे दोन हजारांत एक. उपकरणांची रडगाणी गाणाऱ्या आपल्यासारख्यांनी पेपरचा हा भाग दोनदा वाचावा.

आता मुद्दा. घनता म्हणजे एका मिलिमीटरमागे किती शिरा. हा भागाकार आहे, आणि भागाकारात छेदाकडे आधी बघायचं असतं. समजा 10 मिमी रुंद पानात 50 शिरा आहेत, घनता 5. त्याच 50 शिरा 8 मिमीच्या पानात बसवा, घनता 6.25 झाली. पंचवीस टक्के वाढ, आणि नवी शीर एकही नाही! पान नुसतं आकसलं. लेखकांना हे दिसलं होतं. दाट शिरा आणि अरुंद पान हे गुण जोडीने येतात, पण जोडी पूर्ण पक्की नाही, असं ते स्पष्ट सांगतात. इथवर ठीक. पण पुढे ते सुचवतात की अरुंद पान हाच खुणेचा गुण धरून पुढचे म्युटंट शोधावेत. इथे मी थांबतो. अरुंद पानंच गोळा केलीत तर अरुंद पानांचेच म्युटंट मिळणार. रुंदी तशीच ठेवून शिरा वाढवणारं जनुक, जे आपल्याला खरं हवं आहे, ते त्या चाळणीतून नेमकं निसटणार. वेळ वाचेल हे खरं, पण प्रश्न बदलून वाचलेला वेळ काय कामाचा?

हे मी शहाणपणाने बोलतोय असं समजू नका. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मला तीन कुंड्यांत 'दाट शिरांची' भाताची झाडं सापडली होती. आठवडाभर मी हवेत. मग लक्षात आलं, त्या तिन्ही कुंड्यांत पाणी टिकत नव्हतं. झाडं तहानलेली, पानं रोडावलेली, त्यामुळे शिरा जवळ आलेल्या. त्यांचं बी पुन्हा लावलं, पाणी नीट दिलं, तर पानं अगदी चारचौघांसारखी. रुंदीचा रकाना माझ्या वहीत नव्हताच.

दुसरी शंका जास्त खोल आहे. डीएनएचा तुकडा गळाला की सहसा जनुक बंद पडतं. मग जनुक बंद पाडून शिरा वाढणार कधी? एखादं जनुक शिरांना ब्रेक लावत असेल तरच. शिरा घडवणारी जनुकं अशा साठ्यात 'वाढ' म्हणून दिसूच शकत नाहीत. (तैनुंगच्या साठ्याला हे जसंच्या तसं लागू नाही, घुसवलेला तुकडा शेजारच्या जनुकाला चेकाळवूही शकतो.) उलट दिशेचा प्रयोग मला म्हणून जास्त पटतो. रिझाल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ज्वारी घेतली, जिच्यात शिरा मुळातच दाट. ईएमएस रसायन आणि गॅमा किरण अशा दोन वाटांनी म्युटंट केले आणि शिरा विरळ झालेली झाडं शोधली. दोन्ही वाटा एकाच जनुकावर येऊन थांबल्या, सीवायपी90डी2, ब्रासिनोस्टेरॉईड संप्रेरक तयार करणारं. दणकट पुरावा. तरीही ब्रासिनोस्टेरॉईड झाडाच्या सगळ्याच वाढीत लुडबुड करतं, त्यामुळे ते शिरांच्या नकाशाचं जनुक की एकूण वाढीचं, हा प्रश्न उरतोच.

इथे आपल्याकडचा एक गोंधळ. महाराष्ट्रात म्युटंट म्हटलं की ट्रॉम्बेचं बीएआरसी आठवतं आणि टीएजी-24 भुईमूग. तिथे म्युटंट हे उत्तर असतं, शेतकऱ्याच्या हातात द्यायचं वाण. आपल्या कामात म्युटंट हा प्रश्न असतो. विरळ शिरांची ज्वारी कुणी पेरणार नाही, पण तीच काहीतरी सांगते.

आणि एका म्युटंटवर विसंबू नका. मक्यात स्केअरक्रो जनुकाच्या दोन जवळच्या प्रती आहेत. दोन्ही एकदम बंद केल्यावर, 2019 च्या ह्यूज आणि लँगडेल गटाच्या कामात, शेजारच्या शिरांमध्ये दोनऐवजी बहुतेक ठिकाणी एकच मेसोफिल पेशी उरली. मग असंच भातात करून बघायला काय हरकत? याच गटाने 2022 मध्ये केलं. भातातल्या दोन्ही प्रती बंद केल्यावर पानाची आतली रचना मक्यासारखी बिघडली नाही. उगवल्यानंतर तयार झालेल्या पानांवरची पर्णरंध्रंच जवळपास नाहीशी झाली. एक जनुक, दोन तृणधान्यं, पानाचे दोन वेगळे थर.

तेव्हा 'मक्यात सिद्ध झालेलं जनुक भातात टाकणार' असं एक वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल, माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, तर मधल्या पायरीला काय करणार ते तिथेच लिहा. आणि मोजणीच्या तक्त्यात घनतेच्या शेजारी दोन रकाने आखून घ्या: पानाची रुंदी आणि एकूण शिरा. यंदाच्या माझ्या भाताच्या वहीत ते आहेत, कुंड्यांची भोकंही तपासून झाली आहेत.