मळवलीची लक्ष्मी

गेल्या दिवाळीत आमच्या घरी दोन लक्ष्म्या आल्या. एक आजीच्या वेळची, काच तडकलेली तसबीर. ती नेहमीप्रमाणे माळ्यावरून खाली उतरली. दुसरी पुतण्याने संगणकाला चार वाक्ये सांगून दोन मिनिटांत करवून घेतली आणि चांगल्या कागदावर छापून आणली. चौरंगावर कोणती मांडावी, यावर घरात दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "यंत्राने काढलेली देवी पूजेला कशी चालेल?"

प्रश्न बिनतोड वाटला खरा. पण जुनी तसबीरही यंत्रातूनच आलेली, हे आम्ही सारे विसरलो होतो. ती राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली. १८९४ साली मुंबईस निघालेला हा छापखाना १८९९ मध्ये आपल्या मावळात, लोणावळ्याजवळच्या मळवलीस आला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. काम शिळाछापाचे. घोटलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने आकृती काढायची आणि दगड ओला करायचा. तेलाचे नि पाण्याचे जमत नाही, एवढ्या एका भांडणावर ही सारी विद्या उभी. रंगागणिक दगड निराळा. एखादा रंग केसभर सरकला तरी देवीचे ओठ हनुवटीवर यायचे! आनंद कुमारस्वामींसारख्या मर्मज्ञांनी रविवर्म्याच्या चित्रांना नाक मुरडले. पण घराघरांतल्या बायकांनी त्यांच्या छापांना हळदकुंकू वाहिले.

याच परिसरात पुढे धुंडिराज गोविंद फाळके यांनी आपला छापखाना घातला. छायाचित्राच्या साहाय्याने दगडावर चित्र उतरवण्याचे काम ते मळवलीच्या छापखान्यासाठी करीत. पुढे ३ मे १९१३ रोजी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला. त्याआधी भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय दाखवले? कुंडीत पेरलेला वाटाणा. तो कसा रुजतो, कसा वाढतो, हे दिवसेंदिवस कॅमेऱ्याने टिपून त्यांनी चिमुकला चित्रपट केला. यंत्र परदेशी होते; पण त्या रोपाकडे रोज पाहणारा डोळा फाळक्यांचा होता.

माझी कसोटी इथेच ठरली. चित्र हाताने काढले की यंत्राने, हे मी विचारणार नाही. ते काढताना कोणी पाहिले काय, एवढेच विचारीन.

या कसोटीला पुतण्याची लक्ष्मी लावून पाहिली. देवी दिसायला गोजिरी. सोन्याचा झगमगाट तर असा की दिवाळीच्या दिव्यांनी लाजावे. पण दागिन्यांना वजन नाही. हातातल्या कमळाला देठ नाही. हत्तीने सोंडेत माळ उचलली आहे, तिचे एक टोक मात्र हवेतच विरून गेले आहे. हजारो चित्रांवरून शिकलेले हे यंत्र 'लक्ष्मी' म्हणताच सर्वांना ओळखू येईल असा चेहरा पुढे करते. त्यामुळे तो कोणाचाच राहत नाही. यंत्राला दोष देऊन काय उपयोग? माळ अर्धी राहिली, ती त्याला कोणी दाखवली नाही.

१९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि दगडांसकट मोठा ठेवा गेला. उरले ते लोकांनी भिंतींवर जपले तेवढे. आजच्या चित्रांना जाळायला आगही लागत नाही. पाडव्याला आलेली शेकडो चित्रे भाऊबीजेपर्यंत आपणच फोनमधून पुसून टाकतो. ज्या चित्राजवळ कोणी दोन घटका थांबले नाही, ते जपावेसे तरी कोणाला वाटणार?

हे मी पुतण्याला सांगितले, तेव्हा तो थोडा हिरमुसला. मग जुनी तसबीर शेजारी ठेवून बसला. माळ पुरी करायला सांगितली, पुन्हा बिघडली, पुन्हा सांगितली. रात्री उशिरा माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "काका, हा हत्ती लहानपणापासून घरात आहे, मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता."

पूजेला जुनीच मांडली. नवी अजून पुरी व्हायची आहे. यंदा तिच्या कमळाचे देठ चालले आहेत.