मिसेस काशीकरांची साक्ष

‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये मिसेस काशीकर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येतात तेव्हा प्रेक्षक जरा सैल बसलेला असतो. खटला खोटाच, वेळ घालवायला मांडलेला. आरोपी लीला बेणारे. शाळेत शिकवणारी, तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. मिसेस काशीकरांचं म्हणणं थोडक्यात असं, की हल्लीच्या मुली स्वतः कमावतात, लग्नावाचून सगळं मिळतं, मग नवरा हवाय कशाला? १९६७ साली रंगमंचावर आलेलं हे मत आज घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर दहा अंगठे नक्की मिळतील.

पण तेंडुलकरांनी ही साक्ष कुणाच्या तोंडी दिलीय ते पाहा. संबंध नाटकात मिस्टर काशीकर या बाईला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीत. ती काही बोलायला लागली की गप्प बस. सगळ्यांदेखत. त्यांना मूल नाही; पोटाशी धरलेला बाळू रोकडे आहे, आणि तोही दोघांना टरकून असतो. मधूनच एकमेकांसाठी गजरा नि बुशशर्ट घेतल्याचं कौतुक चालतं, ते पाहून हसूही येतं आणि अंगावर काटाही. लग्नाच्या बाजूने बोलायला कोर्टाने नेमकी हीच बाई बोलावली आहे. आणि गंमत म्हणजे पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिला पहिल्यांदाच सलग बोलायला मिळतं, कारण ती दुसऱ्या बाईविरुद्ध बोलते आहे.

बेणारेला आपण मराठीतली स्वतंत्र बाई म्हणून मिरवतो. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांमध्ये तिचं शेवटचं स्वगत म्हणणाऱ्या मुली आजही असतात. पण नाटक नीट वाचलं तर बेणारेने स्वातंत्र्य ‘निवडलेलं’ नाही. पंधराव्या वर्षी मामावर प्रेम बसलं, तो ऐन वेळी मागे सरला. पुढे प्रोफेसर दामले, विवाहित, आणि तो तर नाटकभर येतच नाही. पोटातल्या मुलाला नाव मिळावं म्हणून ती पोंक्षेला विचारते, रोकडेला विचारते. तिला लग्न हवं आहे. ती एकटी आहे कारण पुरुष पळाले. तिच्याकडे खरोखर तिचं असं एकच असतं, नोकरी, आणि ती जाणार ही बातमी काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतः साक्षीदार होऊन देतात. नाटकातली मला सर्वांत भीतीदायक वाटणारी जागा हीच.

मराठी कथा-कादंबरीत बिनलग्नाची बाई दिसली की लेखक तिच्यासाठी एक जखम शोधून ठेवतो. विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं आणि गदारोळ उठला. टोपणनावामागची बाई कोण याचीच चर्चा जास्त. त्यातल्या एका कथेचं नुसतं शीर्षक वाचा: ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ शिकलेली, कमावती मुलगी. तिच्या पगारावर वडिलांचं घर चालतं, आणि घर चालतं म्हणून तिचं लग्न मागे पडत राहतं. पुढे १९९० साली शांता गोखले यांची ‘रिटा वेलिणकर’ आली. रिटासुद्धा थोरली, आईवडील आणि तीन बहिणी पाठीवर. शिवाय ऑफिसातला साहेब, साळवी, बायको असलेला. वर्षानुवर्षं ती त्याच्या सवडीने जगते आणि शेवटी कोलमडून इस्पितळात जाते. सत्तावन्न वर्षांचं अंतर, पण दोन्हीकडे एकटेपणाला कुणीतरी दुसरा जबाबदार.

हा दोष मी सरसकट लेखकांवर टाकणार नाही. १९३३ साली ‘तिला नकोच होतं’ असं लिहिलं असतं तर त्या बाईला कुणी माणूस मानलं नसतं. जखम दाखवली की निदान कीव तरी मिळते. (शिरूरकरांनी, म्हणजे बाळूताई खरे यांनी, पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न केलं. म्हणून पुस्तक खोटं ठरवायची घाई करणारे भेटतात. त्यांना सोडून देऊ.) पण या सवयीचा परिणाम असा, की एकटी बाई दिसली की आपण वाचक म्हणूनसुद्धा विचारतो, हिचं काय झालं असेल? काही झालेलंच नसेल, ही शक्यता मनात येत नाही.

खरं कारण मात्र त्याच पुस्तकांत असतं. फक्त नायिकेत नाही, तिच्या शेजारच्या खुर्चीत. मिसेस काशीकरांचं अर्धं राहिलेलं वाक्य हे कारण आहे. थोरल्या मुलीच्या पगारावर चाललेला ‘बाबांचा संसार’ हे कारण आहे. रिटाने लहानपणापासून पाहिलेला आईवडिलांचा संसार, आणि साळवीचं ते शाबूत लग्न, ज्यात बायको एकीकडे फसते आणि रिटा दुसरीकडे थांबून राहते, हेही. लग्न पुष्कळांना सुखाचं जातं, कबूल. पण ज्यांना नको असतं त्यांनी बहुधा असं एखादं लग्न फार जवळून पाहिलेलं असतं.

गौरी देशपांडे यांच्या नायिका यातलं बरंच उघड बोलतात आणि त्यासाठी त्या मला प्रिय आहेत. पण त्यांच्या जगात घरभाड्याची चिंता क्वचितच दिसते. बेणारेचं स्वातंत्र्य महिन्याच्या पगारावर उभं होतं. एकटीला खोली देताना मालक आधी ‘भेटायला कोण येणार?’ विचारतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना फरक कळेल.

साहित्याला जे नीट जमलं नाही ते प्रत्यक्षात आधीच घडून गेलं होतं. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, नांदायला यावं म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७च्या निकालात दोनच वाटा होत्या: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. दुसरा पुरुष नव्हता, कुणी फसवलं नव्हतं. समज येण्याआधी लावून दिलेलं हे लग्न मला मान्य नाही, एवढंच. ‘केसरी’तून टिळकांनी विरोध केला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत नि राजकोटला नोकरी केली, पुन्हा लग्न केलं नाही, १९५५ साली गेल्या.

कारण विचारलं तर एका वाक्यात सांगता येईल असं. तरी या बाईची कादंबरी लिहायला बसलेला लेखक १९०४ पाशी अडेल. त्या वर्षी दादाजी वारला, आणि ज्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून तुरुंग पत्करायला निघाल्या होत्या, त्याच्यासाठी रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. लोकांसाठी? रोग्यांच्या घरच्यांनी दारात उभं करावं म्हणून? की मनात कुठेतरी काही उरलं होतं? त्या सकाळीही सुरतच्या इस्पितळात बायका ताटकळत असतील, आणि डॉक्टरीणबाई पांढऱ्या लुगड्यात आत आल्यावर त्यांतल्या एकीने तरी शेजारणीला कोपराने ढोसलं असेल.