पाप इंद्राचं, पंचमी बाईची



मागच्या व्याख्यानानंतर एका भगिनीने आम्हाला विचारलं होतं, “सर, बायबलात साऱ्या पापाचं खापर पहिल्या बाईवर फोडलंय. आपल्याकडे असं काही नाही ना?” वेळ संपत आली होती. आम्ही ‘नाही’ म्हणालो आणि खाली उतरलो. घरी गेल्यावर ते ‘नाही’ टोचत राहिलं. कारण नोकरीच्या सगळ्या वर्षांत वर्गातही आम्ही हेच सांगत आलो : तिकडे आद्य पाप, इकडे कर्मसिद्धान्त, ज्याचं कर्म त्याच्या माथी. आज ते उत्तर दुरुस्त करायचं आहे.

आधी हव्वेकडे पाहू. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय शांतपणे वाचा. त्यात सफरचंद नाही, नुसतं ‘फळ’ आहे. हव्वा फळ खाते तेव्हा आदाम तिच्याजवळच आहे. तो अडवत नाही, वाद घालत नाही, हात पुढे करून खातो. देवाने जाब विचारल्यावर मात्र तो तिच्याकडे बोट दाखवतो. शाप हा शब्द सर्पाला लागला आहे, जमिनीला लागला आहे. बाईच्या वाट्याला वेदना आणि नवऱ्याची सत्ता येते, हे खरंच. पण तिला ‘शापित’ म्हटलेलं नाही. आणि ‘पाप’ हा शब्द त्या अध्यायात एकदाही येत नाही. तो पहिल्यांदा येतो पुढच्या अध्यायात, काइन आपल्या भावाला मारतो त्या प्रसंगात.

मग हव्वा आरोपी झाली कधी? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पाप जगात आलं ते ‘एका माणसाकडून’, म्हणजे आदामाकडून. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मात्र बोट बाईकडे वळलं. पुढे चौथ्या-पाचव्या शतकात ऑगस्टिनने हे पाप वारशाने प्रत्येक जिवात उतरतं, असा सिद्धान्त पक्का केला. कुराणात पाहा : तिथे दोघंही घसरतात, दोघंही क्षमा मागतात, आणि पुढच्या पिढ्यांवर ओझं राहत नाही. कथा जवळपास तीच, निवाडा वेगळा.

ही कथा मराठीला परकी नाही, हेही सांगून ठेवतो. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ आलं १६६७ साली. म्हणजे आदाम-हव्वेचं पतन मिल्टनच्या महाकाव्याआधी एक्कावन्न वर्षं आपल्या ओवीत सांगून झालं होतं.

आता आपल्या घरात येऊ. तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात एक गोष्ट आहे. त्वष्ट्याचा मुलगा विश्वरूप, तीन डोक्यांचा, देवांचा पुरोहित. इंद्राने त्याची डोकी उडवली. ब्रह्महत्या लागली. वर्षभर इंद्र ती घेऊन हिंडला, लोक ‘ब्रह्मघातकी’ म्हणून ओरडू लागले. तेव्हा त्याने ओझ्याचे तीन वाटे केले. एक पृथ्वीला दिला, एक झाडांना, एक स्त्रियांना. बदल्यात वर दिले : खणलेली जमीन भरून येईल, तोडलेलं झाड पुन्हा फुटेल, बाईला संतती होईल. पृथ्वीवरचं पाप म्हणजे नापीक खारवट जमीन, झाडाचं पाप म्हणजे चीक, आणि स्त्रीचं पाप म्हणजे मासिक पाळी. मग लगेच नियम : तिच्याशी बोलू नये, तिच्याजवळ बसू नये, तिच्या हातचं खाऊ नये. भागवतात वाटे चार झाले, पाणीही आलं. बाईचा वाटा कायम राहिला.

आता आम्ही जन्मभर शिकवलेलं तत्त्वज्ञान इथे लावून बघा. कर्मसिद्धान्तात दोन दोष मोठे मानले आहेत. कृतनाश, म्हणजे केलेल्याचं फळ न भोगताच सुटणं. आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेलं पदरात येणं. या गोष्टीत इंद्राचा कृतनाश आहे आणि बाईचा अकृताभ्यागम आहे. दर्शनकारांनी जे तर्काच्या दारात अडवलं, ते कथेच्या मागल्या दाराने घरात आलं. हव्वेने निदान फळ तरी खाल्लं होतं हो! आमच्या बाईने काय केलं? दुसऱ्याचं ओझं उचललं.

आणखी एक बघा. झाडाचा लाल चीक खाऊ नये, असंही त्याच ठिकाणी सांगितलंय. आपण तर बाळंतिणीला डिंकाचे लाडू खाऊ घालतो. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात शेतकरी पिकं घेतो. जमिनीला शिवला म्हणून आंघोळ करत नाही. झाडाचा दोष विसरलो, मातीचा विसरलो. बाईचा तेवढा ध्यानात ठेवला.

तो ध्यानात ठेवायचा दिवस म्हणजे ऋषिपंचमी, गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस. आमची आई त्या दिवशी पहाटे धाम नदीवर जाई. आघाड्याच्या काड्यांनी दात घासणं, स्नान, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, मग सप्तर्षी आणि अरुंधतीची पूजा. ती हे श्रद्धेने करी आणि त्या ऋषीच्या भाजीची चव आम्हाला आजही आठवते. तिच्या श्रद्धेला हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण तिला क्षमा कशाची मागावी लागत होती? ‘कावळा शिवला’ त्या दिवसांत चुकून भांड्याला हात लागला, याची.

त्या दिवशीची कहाणी पुष्कळांनी ऐकली आहे, पण नीट ऐकली आहे का? बाईने विटाळ पाळला नाही म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली, नवरा बैल झाला, आणि दोघं मुलाच्याच घरी आली. श्राद्धाच्या दिवशी सापाने खिरीत गरळ टाकलं. कुत्रीने ते पाहिलं. ब्राह्मण मरतील, मुलाला ब्रह्महत्या लागेल, म्हणून तिने मुद्दाम पातेल्याला तोंड लावलं. सुनेने तिला जळत्या कोलिताने मारलं.

इथे थांबा मंडळी. साप आहे, अन्न आहे, बाई आहे. पण बाई इथे सापाचं ऐकत नाही, सापापासून घर वाचवते. जी ब्रह्महत्या इंद्राने तिच्या माथी मारली, त्याच ब्रह्महत्येपासून ती मुलाला सोडवते. आणि भांड्याला शिवल्याबद्दल मार खाते. पुढे ऋषी व्रत सांगतात ते कुणाला? मुलाला. कहाणीत मुलगा व्रत करतो आणि आई सुटते. आपल्या घरी मुलगा झोपलेला असतो आणि आई नदीवर असते.

कुणी म्हणेल, “सर, हे रूपक आहे. पृथ्वी, झाड आणि स्त्री, तिघी सर्जन करणाऱ्या. हा गौरवच नाही का?” वराच्या बाजूने पाहिलं तर आहे, आम्ही मान्य करतो. पण गौरवामागे वाळीत टाकण्याचे नियम आले की त्या गौरवाची किंमत कोण मोजतं, ते विचारावं लागतं. आपल्या विदर्भातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, तिला निमित्त होतं सुरतच्या एका विधवेच्या खटल्याचं. नवजात मूल मारलं म्हणून तिला फाशी सुनावली होती. पुढे शिक्षा कमी झाली. मुलाचा बाप त्या खटल्यात कुठे होता? ताराबाईंनी बायकांवर लादलेला एकेक दोष उचलला आणि तो पुरुषांत किती आहे ते मोजून दाखवलं. देवांनाही सोडलं नाही.

आणि इथून जवळच, पवनारला, विनोबांनी १९५९ साली ब्रह्मविद्या मंदिर काढलं ते भगिनींसाठी. ज्यांना शिवू नये म्हटलं, त्यांच्या हाती त्यांनी ब्रह्मविद्याच दिली.

तेव्हा त्या भगिनीला आमचं दुरुस्त उत्तर : हो, आपल्याकडेही आहे. तिकडे निवाडा कथेवर नंतर बसवला, इकडे पाप एकाचं आणि प्रायश्चित्त दुसरीचं. कोणतीही धर्मकथा ऐकताना आपण एवढंच विचारू या, केलं कुणी आणि भोगलं कुणी. येत्या पंचमीला ती कहाणी घरातल्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. सुनेने कोलीत उचललं त्या जागी त्याला थांबवा, आणि पुढे काय व्हायला हवं होतं ते त्यालाच विचारा.