कोठार, कौल आणि कोंबडीचा पंख

मागच्या व्याख्यानात आपण फ्रेझरपाशी थांबलो होतो. जादू म्हणजे चुकलेलं विज्ञान, असं त्याचं थोडक्यात म्हणणं. त्यात आज पुन्हा शिरायला नको. आज इव्हान्स-प्रिचर्ड घेऊ. १९२६नंतर तो सुदानच्या दक्षिणेकडच्या झांदे लोकांत जाऊन राहिला, आणि त्यांच्या चेटूकविषयक समजुतींवरचा त्याचा ग्रंथ १९३७ साली आला.

त्यातलं कोठाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे. धान्याचं कोठार खांबांवर उभं असतं, दुपारी माणसं त्याच्या सावलीला बसतात. वाळवीनं खांब पोखरलेले. कोठार कोसळतं, माणसं जखमी होतात. झांदे म्हणतात, चेटूक झालं. आता, वाळवी त्यांना ठाऊक नाही का? चांगली ठाऊक आहे! कोठार का पडलं हा त्यांचा प्रश्नच नव्हे. हीच माणसं खाली असताना नेमकं तेव्हाच का पडलं, हा प्रश्न. आपण तिथे ‘योगायोग’ म्हणतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं हे काही उत्तर नव्हे, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

इथपर्यंत फ्रेझर निकालात निघाला. पण १९६४ साली पीटर विंच आणखी पुढे गेला. झांद्यांच्या मते चेटूक वारशानं येतं, बापाकडून मुलाकडे. मग एक जण चेटक्या ठरला की सगळं कूळच चेटक्या ठरायला हवं ना? झांदे तर्क तिथवर ताणत नाहीत. विंच म्हणतो, तो ताणायला लावणारेच चुकतात. तो व्यवहार म्हणजे सिद्धान्त नव्हे.

हे आपल्याला अर्धंच पटतं. कारण त्याच ग्रंथात दुसरीही माहिती आहे. कोंबडीला विष पाजून जो कौल लावतात, तो बायकांना लावता येत नाही. राजघराण्यातल्यांवर चेटकाचा आरोप होत नाही. ज्याच्यावर होतो, त्याच्याकडे मेलेल्या कोंबडीचा पंख पोचवला जातो; त्यानं तोंडात पाणी घेऊन त्यावर फुंकरायचं आणि आपल्या मनात वाईट नाही असं सांगायचं. आरोप त्याला पटो न पटो.

मग ‘झांदे असं मानतात’ या वाक्यातला झांदे कोणता? कौल लावणारा, की पंख हातात आलेला? विंच हे विचारतच नाही. इव्हान्स-प्रिचर्ड लिहितो की त्यानं स्वतः कौलाच्या आधारे घर चालवून पाहिलं, आणि ते ठीक चाललं. असेलही, पण हा अनुभव कौल लावणाऱ्याचा आहे, बरं का.

महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं गुन्हा ठरवलं. कुणी म्हणेल, हा पुन्हा फ्रेझरच झाला. नाही. आरोप करणाऱ्याला वाळवी कळते की नाही, याची चौकशी तो कायदा करत नाही. ज्याच्यावर आरोप झाला त्याचं पुढे काय केलं गेलं, एवढंच तो विचारतो.