जुना फोन, नवा फोन आणि किल्लारीची पहाट

धाराशिव जिल्ह्यातील एका शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. शाळेला एका पालकांनी २०१७ सालचा रेडमी नोट ४ हा फोन दिला होता. प्रयोगांसाठी दहा-अकरा हजारांचा नवा फोन घ्यावा म्हणून वर्गणी जमली होती आणि रेडमी १३सी ५जी हा फोन नजरेत होता. "सर, नव्याचे सगळे आकडे मोठे आहेत. मग जुना काढून टाकायचा का?"

सगळे आकडे खरोखरच मोठे आहेत का, ते आधी पाहू. जुन्याचा पडदा साडेपाच इंचांचा, त्यावर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके. नव्याचा पडदा पावणेसात इंचांचा. ठिपके मात्र १६०० × ७२०, म्हणजे साडेअकरा लाख. पडदा वाढला आणि बारकावा घटला! कॅमेऱ्याचेही तसेच. जुना १३ मेगापिक्सेलचा, नव्याच्या खोक्यावर ५० छापलेले. पण नवा कॅमेरा एरवी शेजारच्या चार पिक्सेलांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. यात फसवणूक नाही. चौघांचा प्रकाश एकत्र आल्याने अंधुक उजेडात चित्र सुधारते. फक्त ५० या आकड्यावरून जो चौपट फायदा मनात येतो, तो तेथे नसतो.

प्रोसेसरमध्ये मात्र नवा निर्विवाद सरस आहे. जुन्याची चिप १४ नॅनोमीटर तंत्राची, तिचे आठही गाभे एकाच साध्या जातीचे. नव्याची चिप ६ नॅनोमीटरची आणि आठांपैकी दोन गाभे अधिक ताकदीचे. शिवाय जुन्याला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे केव्हाच बंद झाले आहे. त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

पण प्रयोगशाळेला फोन कशासाठी हवा? जर्मनीतील आखेन विद्यापीठाच्या 'फायफॉक्स' या मोफत अ‍ॅपने फोनमधील संवेदक वाचता येतात. फोन टेबलावर सपाट ठेवा, त्वरणमापक ९.८ च्या जवळपास आकडा दाखवील. फोन दोरीने टांगून एक मीटर लांबीचा लंबक करा. आंदोलनकाल दोन सेकंद येतो का पाहा. या लंबकाच्या प्रयोगाला जायरोस्कोप लागतो. नोट ४ मध्ये तो आहे. स्वस्तातल्या अनेक नव्या फोनांत तो वगळलेला असतो, कारण खोक्यावर त्याची जाहिरात होत नाही आणि नसला तरी गिऱ्हाइकाच्या लवकर लक्षात येत नाही. माझी खरी तक्रार येथे आहे. ज्या भागामुळे फोन शाळेच्या उपयोगाचा ठरतो, त्याला दुकानातल्या तुलनेत जागाच नसते.

या जिल्ह्यात त्वरणमापकाला आणखी एक अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आज चार्जरला लावलेले, स्थिर असलेले हजारो अँड्रॉइड फोन मिळून भूकंपमापकाचे काम करतात. भारतात ही इशारा-व्यवस्था सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली, आणि तिला अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती पुरते. नोट ४ आला तोच सहाव्या आवृत्तीसह. म्हणजे इंटरनेट चालू असेल तर तोही या जाळ्यात बसतो.

त्याने काय साधेल, याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. किल्लारी ते धाराशिव हवाई अंतर साधारण ५५ किलोमीटर. विध्वंसक दुय्यम लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटर धरला, तर त्या सुमारे १६ सेकंदांत धाराशिवला पोहोचतात. फोनांनी कंप टिपून इशारा पाठवण्यात पाच सेकंद गेले असे मानू. उरले अकरा. सास्तूरला मात्र इशाऱ्याआधी धक्काच पोहोचला असता, फोन जुना असो की नवा. तेथे जीव वाचवील ते पक्के घरच.

आणि फोन चांगला असूनही भागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा या व्यवस्थेने त्याची तीव्रता पाचच्याही खाली आजमावली. सर्वांत गंभीर दर्जाचा इशारा फक्त ४६९ फोनांना गेला. फोनांनी कंप टिपला होता. चूक आकडेमोडीच्या पद्धतीत होती. ती सुधारून पुन्हा गणित केले, तेव्हा तोच इशारा एक कोटी फोनांना गेला असता असे दिसले. हार्डवेअरची तुलना येथे संपते.

शाळेला मी सांगितले ते असे. जुना फोन प्रयोगांसाठी ठेवा, पण तो रात्रंदिवस चार्जरला लावू नका. इतक्या वर्षांची बॅटरी फुगू शकते. नवा घ्यायचाच असेल, तर दुकानात तो हातात आल्यावर पहिल्यांदा फायफॉक्स उघडून पाहा. जो संवेदक नसेल त्याचे प्रयोग तेथे फिके दिसतात. जायरोस्कोपचे फिके दिसले, तर दुसरा फोन दाखवायला सांगा.