आरती प्रभूंनी खानोलकरांना काय दिले?

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्यांना ‘काव्यात्म’ म्हटले की आपली समीक्षा संपते. आम्हाला हा शब्द आळशी वाटतो. कवितेला आरती प्रभू आणि कथा-कादंबरी-नाटकाला खानोलकर, अशी नावांची वाटणी त्यांनी केली खरी. पण नावे दोन झाली म्हणून हात दोन होतात का? ‘दिवेलागण’ हा कवितासंग्रह आणि ‘रात्र काळी घागर काळी’ ही कादंबरी, दोन्ही १९६२ च्याच.

मग कवितेने कादंबरीला दिले काय? सुंदर शब्द, असे कोणी म्हणेल. तो तर आमच्या मते तोटा. ‘चानी’ घ्या. चानी म्हणजे खार, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. सोनेरी केसांची, गावात कोणाचीच नसलेली पोर. तिचे वेगळेपण समजावायला दुसऱ्याने दोन पाने घेतली असती. इथे एका नावात काम झाले. खार दिसते सगळ्यांना, तिचे घर मात्र कोणी विचारत नाही. आणि पोरे दगड मारतात ते वेगळेच.

‘कोंडुरा’ (१९६६) आणखी अवघड. परशरामतात्याला लाभलेली कृपा खरी की त्याच्या मनाचा खेळ? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे उत्तर मागायची खोड आहेच. कादंबरी ते देत नाही, आणि तरी अडत नाही. अशक्य पण पटणारे हे शक्य पण न पटणाऱ्यापेक्षा बरे, असे अरिस्टॉटल सांगून गेला. पटवायचे कसे, हे खानोलकर कवितेत शिकले असावेत. कवितेत एका प्रतिमेनंतर दुसरी येते ती ‘कारण की’ न म्हणता. वेंगुर्ल्याजवळचा तो कोंडुऱ्याचा किनारा ज्यांनी पाहिलाय, त्यांना समुद्र पुरेसे कारण वाटेल.

आता उणी बाजू. कवीला स्वतःचा आवाज सांभाळायचा असतो, कादंबरीकाराला दहाजणांचे. खानोलकरांची माणसे कधीकधी सगळीच एका गूढ सुरात बोलू लागतात, आणि मग भटजी कोण, कूळ कोण, कळेनासे होते. तिथे त्यांच्यातल्या नाटककाराने कवीचा कान धरायला हवा होता. तोही होता की घरातच! ‘एक शून्य बाजीराव’ लिहिणारा, ब्रेख्टचे नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत आणणारा. रंगमंचावर वाक्य नटाला तोंडाने म्हणावे लागते, आणि समोरच्याला उत्तर द्यावेसे वाटावे लागते. नुसते खोल असून भागत नाही.

नव्याने लिहिणाऱ्यांनी म्हणून आपले संवाद दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. स्वतः वाचू नयेत; आपण आपल्याच सुरात वाचतो.

श्री. ना. पेंडसे याच जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले, पण त्यांची गोष्ट उलटी. त्यांचा बापू तोंड उघडतो आणि दापोलीकडचा गाव उभा राहतो. पुढच्या वेळी तेच घेऊ. ‘गारंबीचा बापू’ कादंबरी आणि नाटक, दोन्ही वाचून या.